चाळीस नावं

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात बजाबाईनं मिलमध्ये खाडा केला, तो भाचीला शाळेत घालायला. बावीस वर्षांच्या नोकरीत तिनं फार थोडे खाडे केले होते. एक आई वारली तेव्हाचा, काही तापाचे, आणि एक नवऱ्यानं दुसरं लग्न केल्याचं कळलं त्या दिवसाचा. तेव्हापासून ती शुक्रवार पेठेतल्या एका खोलीत एकटी राहत होती. सकाळी सातच्या भोंग्याला वाइंडिंग खात्यात उभं राहायचं, तुटलेले धागे जोडायचे, साडेतीनला सुटायचं आणि घरी येऊन पाय पसरून बसायचं. एवढाच तिचा दिवस होता.

भाचीचं नाव मायाक्का. ती बजाबाईच्या धाकट्या भावाची, हिंदुरावची मुलगी. त्याचं गाव सांगोल्याच्या पलीकडं. बहात्तरच्या दुष्काळात विहिरीनं तळ दाखवला, शेरडं विकावी लागली, आणि हिंदुराव बायकोला घेऊन तलावाच्या कामावर माती उपसायला गेला. तिथं पालात सहा वर्षांच्या पोरीचे हाल व्हायला लागले. दिवाळी झाल्यावर तो तिला घेऊन सोलापुरात आला.

"आक्का, पाऊस पडंपत्तर ठिवून घे," एवढंच तो म्हणाला. दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं परतही गेला.

आठ महिने मायाक्का आत्तीबरोबर राहिली. बजाबाई मिलमध्ये गेली की पोर शेजारच्या सरदारबीच्या दारात बसायची. सरदारबी आणि तिचा नवरा लालसाब कापूस पिंजून गाद्या भरायचे. दोघं जिवाला जीव देणारी माणसं, पण त्यांच्या घरात सगळीकडं कापसाचं तूस उडायचं. उन्हाळ्यात मायाक्काला खोकला धरला तो सुटेना. दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, पोरीला कापसापासून लांब ठेवा.

लांब म्हणजे कुठं? खोलीत कोंडून जाणं बजाबाईला जमण्यासारखं नव्हतं. एक दिवस तसं केलं, तर सगळा दिवस मशीनपुढं तिचं मन कुलपाशीच घोटाळत राहिलं. मग सरदारबीनंच सुचवलं, "शाळेत घाला की तिला. वय तर झालंच हाय."

बजाबाईला ते पटलं. शाळा म्हणजे पोरीला सावली, चार पोरींची सोबत, आणि जमलं तर चार अक्षरं. यात अवघड काय असेल असं तिला वाटलं नव्हतं.

पेठेतली म्युन्सिपाल्टीची शाळा खोलीपासून हाकेच्या अंतरावर होती. चांगली शाळा म्हणून तिचं नाव होतं. मास्तर वेळेवर यायचे, चौथीची पोरं स्कॉलरशिपला बसायची. बजाबाई मायाक्काला घेऊन आठ वाजता गेली, तर दारातून निघालेली रांग सायकलच्या दुकानापर्यंत आली होती. उन्हात दोन तास उभं राहिल्यावर ती हेडमास्तरांच्या टेबलापुढं पोचली. हेडमास्तर पन्नाशीचे, बारीक अंगाचे होते. सकाळपासून एकच वाक्य बोलून त्यांचा घसा बसला होता.

"पहिली भरली, बाई."

"एकच पोर हाय, गुरुजी. बारकीच हाय. कुटंबी बसंल."

"प्रत्येकजण एकच पोर घेऊन येतो," हेडमास्तर म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. "दोन तुकड्या आहेत. एकेकीत अठ्ठावन्न मुलं. मागची पोरं भिंतीला टेकून उभी असतात. आता ह्या वर्षी दुष्काळानं गावंच्या गावं इथं आलीत. मी कुठं बसवू?"

 मागच्या बाईनं बजाबाईच्या खांद्यावरून हात पुढं करून आपला कागद टेबलावर ठेवला होता. बजाबाई बाजूला झाली.

त्या दिवशी आणखी दोन शाळा झाल्या. एक खासगी संस्थेची होती. तिथं कारकुनानं जन्माचा दाखला मागितला. बजाबाई म्हणाली, पोर बेंदराच्या सणाच्या आदल्या दिवशी झाली, हे साऱ्या गावाला ठाऊक आहे. कारकुनानं मान हलवली आणि यादीत आधीच नव्वद नावं असल्याचं सांगितलं. दुसरी शाळा लांब, स्टेशनकडं होती. तिथपर्यंत चालत जाईतो बारा वाजले. शाळेतल्या बाईंनी मायाक्काला माठातलं पाणी दिलं, जागा मात्र नव्हती. येताना पोर चालेना. बजाबाईनं तिला कडेवर घेतलं. सहा वर्षांचं पोर कडेवर घेऊन भर उन्हात पेठेपर्यंत येताना तिच्या मनात आलं, आज मशीनपुढं उभी राहिले असते तर एवढी दमले नसते.

पुढचे आठ दिवस ती साडेतीनला सुटल्यावर फिरत राहिली. शाळा सुटायच्या आत कुठल्या ना कुठल्या हेडमास्तरांना गाठायचं आणि नाही ऐकून परत यायचं. खाडे तरी किती करणार? खात्यावर देखरेख करणारा जॉबर आधीच नाराज झाला होता.

सरदारबीला हे बघवेना. "बजाबाई, उगं पाय तोडू नका. माज्या गुलबानोच्या शाळेत जागा हाय. उर्दू असलं म्हणून काय झालं? बाई लई चांगल्या हायेत."

गुलबानो म्हणजे सरदारबीची नात, दुसरीत होती. दुसऱ्या दिवशी मायाक्का तिच्याबरोबर जाऊन दिवसभर शाळेत बसून आली. बाईंनी खरोखरच तिला पुढं बसवलं, पाटी दिली. संध्याकाळी पोर खुशीत होती.

"आत्ती, तितं उलटीकडनं लिवत्यात," तिनं सांगितलं.

"मला सुलटीकडनं बी येत न्हाय, आन उलटीकडनं बी येत न्हाय," बजाबाई म्हणाली. सरदारबी तोंडाला पदर लावून हसली.

पण अंथरुणावर पडल्यावर बजाबाई विचार करत राहिली. ही पोर काही कायमची आपली नाही. उद्या गावाकडं गेली तर तिथं उर्दू कोण वाचणार? कुणाचं पत्र आलं तर हिला वाचता येईल का? सोलापुरात चार भाषांच्या शाळा, आणि जागा आहे ती नेमकी आपल्याला नको त्या भाषेत. तिला स्वतःचाच राग आला. पोर हसत घरी आली होती, आणि आपण खोट काढत बसलोय.

कानडी शाळेचं तिला मिलमधल्या एका बाईनं सांगितलं. शाळा दोन गल्ल्या सोडून होती आणि तिचे हेडमास्तर संध्याकाळपर्यंत तिथंच असायचे. हेडमास्तर सिद्धलिंगप्पा अक्कलकोटकडचे, कपाळावर भस्माचे पट्टे, अंगात पांढरा सदरा. त्यांनी बाकाकडं हात केला.

"कूडरी अव्वा. बसा. पोरगी दमलेली दिसते."

पहिल्यांदाच कुणीतरी आधी बसा म्हटलं होतं. बजाबाईनं सगळी हकीकत सांगितली. सिद्धलिंगप्पांनी मधे एकदाही तोडलं नाही. मग त्यांनी मायाक्काला कानडीत नाव विचारलं. पोर आत्तीच्या लुगड्यात तोंड खुपसून उभी राहिली.

"मी घेतो हिला," ते म्हणाले. "माझ्याकडं जागा आहे. आत्ता नाव लिहितो. जन्मतारीख एक जून घालतो, निम्म्या सोलापूरची तीच आहे. पण अव्वा, तुम्हाला खरं सांगतो. हिच्या कानावर कानडी नाही. पहिलं वर्ष ही मुकी बसेल. दुसऱ्या वर्षी बोलायला लागेल, तेवढ्यात तिचा बाप तिला घेऊन जाईल. मग दोन्हीकडून गेली."

"मग मी काय करू, गुरुजी? सगळीकडं फिरले."

सिद्धलिंगप्पा उठले आणि त्यांना वऱ्हांड्यातून शेवटच्या खोलीकडं घेऊन गेले. खोली मोठी होती. फळा होता, चार खिडक्या होत्या, आणि कोपऱ्यात मोडक्या बाकांचा ढीग होता.

"आमची शाळा सकाळची. दुपारी बारानंतर ही खोली रिकामी. इथं मराठीची एक तुकडी बसू शकते. शाळा मंडळानं मंजुरी द्यायला पाहिजे, मास्तर द्यायला पाहिजे. आणि मराठी शाळेच्या हेडमास्तरनी तसं मागायला पाहिजे. मी खोली देतो म्हणून कागदावर लिहून देतो."

तो कागद घेऊन बजाबाई दुसऱ्या दिवशी पुन्हा पेठेतल्या शाळेत गेली. आता रांग नव्हती. हेडमास्तरांनी कागद दोनदा वाचला, चष्मा काढला आणि डोळे चोळले.

"गेल्या वर्षी मी हे मागितलं होतं. मंडळ म्हणालं, चाळीस मुलं दाखवा. आता मुलं आहेत, मला माहीत आहेत. पण आईबाप येतात, नाही म्हटलं की निघून जातात. नाव नाही, पत्ता नाही. मी कुणाला दाखवू?"

"चाळीस?"

"चाळीस. नाव, बापाचं नाव, राहायचं ठिकाण. बापाची नाहीतर आईची सही किंवा अंगठा. तेवढं आणून द्या, मी त्याच दिवशी अर्ज करतो."

बजाबाईला म्हणावंसं वाटलं, गुरुजी, मी वाइंडिंग खात्यातली बाई, मला सही तेवढी येते. पण ती म्हणाली, "बगते."

नावं लिहायची कुणी? शंकरप्पाच्या पिठाच्या गिरणीत साऱ्या गल्लीचं दळण यायचं. कुणाच्या घरात किती माणसं, कोण नवं आलंय, हे त्याला दळणावरूनच कळायचं. सातवी शिकलेला होता, अक्षर चांगलं होतं. त्यानं एक वही काढली, पिठानं पांढऱ्या झालेल्या बोटांनी पहिल्या पानावर आकडे घातले आणि एकपुढं मायाक्काचं नाव लिहिलं.

"ही झाली एक," तो म्हणाला. "आता बाकीची आणा. कुटं जायचं ते मी सांगतो."

त्या दिवसापासून साडेतीनच्या भोंग्यानंतर बजाबाईची दुसरी पाळी सुरू झाली. मायाक्का बरोबर असायची. गल्ल्या, बोळ, मिलच्या मागच्या पत्र्याच्या खोल्या, नाल्याकडच्या झोपड्या. शंकरप्पाची वही तिच्या पिशवीत असायची आणि शाईचा पॅड मिलमधल्या एका कारकुनाकडून आणलेला. नावं ती पाठ करून यायची आणि गिरणीत शंकरप्पा ती अंगठ्यापुढं लिहायचा. अंगठे मात्र दारोदारी जाऊनच घ्यावे लागत.

नाही म्हणणारे पुष्कळ होते. एका घरात मायाक्काएवढीच पोरगी भावाला कमरेवर घेऊन उभी होती. तिची आई म्हणाली, हिला शाळेत घातलं तर बारक्याला कोण बघणार, मी बांधकामावर जाते.  बजाबाई उंबऱ्यावर बसून राहिली, पाणी प्याली आणि उठली. दोन दिवसांनी तीच बाई गिरणीवर येऊन अंगठा देऊन गेली. सासूला गावाहून बोलावलं आहे म्हणाली.

टांगेवाला चांदसाब स्वतः हाक मारून म्हणाला, "माजी दोन नातवंडं लिवा." बजाबाईनं विचारलं, उर्दू शाळेत जागा आहे, तिथं का नाही घालत? चांदसाब घोड्याच्या मानेवर हात ठेवून उभा होता. "टांगा आता किती वर्सं चालतोय, बाई. ही पोरं मोटारीवर जाणार. रस्त्याच्या पाट्या मराठीत असत्यात."

बार्शीहून आलेला एक हमाल होता. त्याच्या मुलाला तीन शाळांनी परत पाठवलं होतं. तो आता चौथ्यांदा कुणापुढं उभा राहायला तयार नव्हता. त्याला समजवायला बजाबाई तीनदा गेली. तिसऱ्यांदा तो म्हणाला, "तुमीच लई दमलेल्या दिसताय. लिवा, जावा," आणि त्यानं सही केली.

घरी आल्यावर भाकरी थापायचं त्राण उरायचं नाही. कितीदा सरदारबीनं पाठवलेल्या दोन चपात्यांवर आत्ती-भाचीचं भागायचं. मायाक्का भिंतीला टेकून दिवसभराची नावं म्हणून दाखवायची. तिला सगळी पाठ असायची, बजाबाईपेक्षा जास्त. एखादं नाव आत्तीनं चुकवलं तर ती सांगायची. पाटीवर तिनं शंकरप्पाकडून स्वतःचं नाव लिहून घेतलं होतं आणि त्याच्यावरून बोट फिरवत बसायची. तिला वाटायचं, ही सगळी पोरं आपल्याच शाळेत येणार, आणि शाळेत पहिला नंबर आपला, कारण वहीत पहिलं नाव आपलं आहे.

जुलैच्या पहिल्या आठवड्यापर्यंत एकतीस नावं झाली.

त्या रविवारी सकाळी हिंदुराव आला. बजाबाई नळावरून पाणी आणत होती. दारात तो उकिडवा बसलेला दिसला. वाळून काटकी झाला होता, पण तोंडावर कळा होती. त्यानं फडक्यातून तांदुळजाच्या भाजीची मोठी जुडी आणली होती.

"रानात उगवलाय," तो म्हणाला. "पाऊस झाला, आक्का. पेरणी केली. पोरीला न्यायला आलोय."

बजाबाईनं घागर खाली ठेवली. मायाक्का बापाच्या गळ्याला मिठी मारून बसली होती आणि त्याच्या दाढीवरून हात फिरवत होती. आठ महिन्यांत पोरीनं एकदाही बापाची आठवण काढून रडारड केली नव्हती. ते सगळं तिनं कुठं ठेवलं होतं कोण जाणे.

चहा झाल्यावर बजाबाई म्हणाली, "हिंदुराव, हिला हितं शाळंत घालायचं चाललंय. म्हैना झाला फिरतीया. आता थोडंच ऱ्हायलंय."

"ऐकलं. शेजारच्या बाईनं सांगितलं."

"मग?"

"गावात बी शाळा हाय की."

"मास्तर येतो का?"

हिंदुराव प्रामाणिक माणूस होता. "आठवड्यातनं तीन-चार दिस येतो," तो म्हणाला. "तेवडं येतो."

"दिवाळीपत्तर तरी ठिव. मग न्ये."

 हिंदुराव जमिनीकडं बघत म्हणाला, "आक्का, तुला न्हाय म्हणायचं तोंड न्हाय मला. तू नसतीस तर पोर ऱ्हायली नसती. पन तिची आय घास हातात धरून बसती. म्हनती, पोर मला वळखंल का न्हाय. कामावर व्हती तवर दगडासारकी व्हती. आता घरी आली आन ढासळली. मी काय करू सांग."

बजाबाईला भावजय आठवली. उंच, काळीसावळी, फार न बोलणारी बाई. पोरीला सोडायला ती आलीसुद्धा नव्हती. तिला बघवणार नाही म्हणून.

"पोरीला इचार," बजाबाई म्हणाली. आपण हे का म्हणालो तिला कळलं नाही. उत्तर तिला ठाऊक होतं.

विचारायची गरज पडली नाही. मायाक्का आत गेली होती. आपला परकर, फणी आणि पाटी पिशवीत घालून ती बाहेर आली.

"आत्ती, तू बी चल," ती म्हणाली. "आय भाकरी करंल."

"मला मिल हाय, बाळा."

"मग सुट्टी झाल्यावर ये."

"यीन."

दुपारच्या गाडीनं ती दोघं गेली. बजाबाई स्टँडवर सोडायला गेली. गाडीत खूप गर्दी होती. खिडकीतून पोरीचा हात तेवढा दिसला. परत येताना ती वाटेत कुठं बसली नाही, सरळ खोलीत आली आणि दार लावून पडून राहिली. सरदारबीनं दोनदा कडी वाजवली. तिसऱ्यांदा ती बाहेरूनच म्हणाली, "तांदुळजा करून ठेवलाय, बजाबाई. थोडा खाऊन घ्या." बजाबाईनं दार उघडलं, ताट घेतलं आणि खाल्लं. ती रडली नाही. तिला फक्त फार झोप येत होती.

सोमवारी, मंगळवारी ती साडेतीनला सुटून घरी आली आणि पाय पसरून बसली, पूर्वीसारखी. वही गिरणीतच होती. तिनं ठरवलं, संपलं आता. ज्याच्यासाठी करत होतो ते गेलं. हेडमास्तर नव्यानं बघतील, नाहीतर मंडळ बघेल. आपण काय सगळ्या पेठेचा मक्ता घेतलाय?

बुधवारी संध्याकाळी दारात चार बाया येऊन उभ्या राहिल्या. त्यातली एक ती बांधकामावर जाणारी होती, बरोबर तिची पोरगी. पोरीच्या अंगावर नवा, नीट इस्त्री न झालेला निळा परकर होता.

"बजाबाई, शाळा कवा सुरू हुनार?" तिनं विचारलं. "सासू आलीया गावाहून. हिला मी कापड बी शिवलं. रोज इचारती, कवा, कवा."

बजाबाईला सांगायचं होतं की माझी भाची गेली, आता तुमचं तुम्ही बघा. ते शब्द तोंडापर्यंत आले. पण पोरगी तिच्याकडं टक लावून बघत होती. तिनं कुठल्या भरवशावर तो परकर घातला होता, तर ह्या बाईच्या पिशवीतल्या एका वहीच्या.

"अजून नावं कमी पडत्यात," बजाबाई म्हणाली. "तुमच्या ओळखीत हायेत का कोन? मी एकटीनं किती फिरायचं?"

हे तिनं आधी कुणाला विचारलं नव्हतं. चारी बाया एकमेकींकडं बघायला लागल्या. मग एकीनं आपल्या जावेचं सांगितलं, दुसरीनं बोळातल्या दोन पोरांचं. बजाबाई उठली आणि त्यांना घेऊन गिरणीवर गेली.

शंकरप्पानं वही उघडली. पहिल्या ओळीवर बोट ठेवून तो थांबला. त्याला सगळं कळलं होतं.

"हे काय करू?"

"काढा की. पोर न्हाय तर नाव कशाला?"

"चाळीस दाखवायची हायेत. कागदावर ऱ्हाऊ दे, कोन बगतंय?"

"उद्या साहेब मोजायला आला तर एका खोट्या नावानं तीस खरी पोरं जातील. काढा."

शंकरप्पानं पट्टी घेतली आणि त्या नावावर एक सरळ रेघ मारली. मग तो खालची नावं लिहायला लागला.

उरलेली नावं बजाबाईनं एकटीनं आणली नाहीत. बाया आपापल्या गल्लीत फिरल्या. सात दिवसांत बेचाळीस झाली. हेडमास्तरांनी वही पाहिली, प्रत्येक अंगठ्यावरून नजर फिरवली आणि कुणाला न बोलावता स्वतःच अर्ज लिहायला बसले. मंडळाच्या कचेरीत तो द्यायला बजाबाई त्यांच्याबरोबर गेली. अर्धा खाडा झाला. साहेब दौऱ्यावर होते. पुन्हा जावं लागलं. दुसऱ्या वेळी एका पर्यवेक्षकांनी अर्ज वाचला आणि खोली बघायला येतो म्हणून सांगितलं. ते आले, त्यांनी खोली मापली, खिडक्या उघडून पाहिल्या. सिद्धलिंगप्पांनी तोपर्यंत मोडके बाक हलवून खोली शेणानं सारवून घेतली होती. नागपंचमीनंतर मंजुरीचं पत्र आलं. मास्तर मात्र लगेच मिळाला नाही. आणखी दहा दिवस गेले आणि एका दुसऱ्या शाळेतल्या तरुण बाईंची तिथं नेमणूक झाली.

तुकडी सुरू झाली त्या दिवशी बजाबाईनं खाडा केला नाही. आता खाडा केला असता तर जॉबरनं बदली कामगार उभी केली असती. साडेतीनला सुटून ती कानडी शाळेकडून आली. शेवटच्या खोलीच्या खिडकीशी ती थोडा वेळ थांबली. भिंतीवर सकाळच्या मुलांचे कानडी अक्षरांचे तक्ते होते, आणि फळ्यावर खडूनं मराठी अक्षर काढलेलं होतं. बेचाळीसपैकी अडतीस मुलं आली होती. चांदसाबची दोन्ही नातवंडं पहिल्या रांगेत होती. हमालाचा मुलगा बसल्या बसल्या झोपला होता. निळ्या परकरातली पोरगी पाटीवर इतकं जोरात लिहीत होती की पेन्सिल किरकिरत होती. बाई म्हणायच्या आणि सगळी मुलं एका सुरात म्हणायची.

सिद्धलिंगप्पा वऱ्हांड्यात खुर्ची टाकून बसले होते. त्यांनी बजाबाईला पाहिलं.

"आत जाऊन बसा की, अव्वा."

"नको. पाय दुखत्यात. घरी जाते."

 ते फाटकापर्यंत तिच्याबरोबर चालत आले.

मायाक्का गावच्या शाळेत गेली. मास्तर यायचा तेव्हा शाळा, नाही यायचा तेव्हा नव्यानं घेतलेल्या शेरडांमागं. दिवाळीत बजाबाई गावी गेली तेव्हा पोर उन्हानं काळी झाली होती, अंगानं भरली होती, खोकला कुठल्या कुठं गेला होता. आई तिला नजरेआड होऊ देत नव्हती. तिला स्वतःचं नाव लिहिता येत होतं, आणखी काही नाही. बजाबाईनं भावजयीला कशाबद्दल बोल लावला नाही. रात्री मायाक्का तिच्या कुशीत झोपली आणि बोटांवर मोजत एकेक करून वहीतली नावं म्हणून दाखवायला लागली. बारा-पंधरा नावांनंतर तिला झोप लागली.

पेठेतली ती तुकडी तशीच चालू राहिली. पहिलीची दुसरी झाली. पुढच्या जूनमध्ये नवी पहिली भरायची वेळ आली तेव्हा पेठेतल्या शाळेपुढं पुन्हा रांग लागली आणि पुन्हा संपली. एका संध्याकाळी बजाबाई दारात पाय पसरून बसली होती, तेव्हा नाल्याकडच्या दोन बाया आणि एक म्हातारा गल्लीत विचारत विचारत आले.

"शाळंत नाव घालणाऱ्या बजाबाई त्या तुमीच का?" म्हाताऱ्यानं विचारलं.

"मी कोन घालनार? मी मिलमधली बाई हाय."

"आमाला तुमचंच नाव सांगितलंय. तीन पोरं हायेत."

बजाबाईनं त्यांच्याकडं पाहिलं. तिघंही दमलेली होती. म्हाताऱ्याच्या पायात वहाणा नव्हत्या. तिनं आतून पाण्याचा तांब्या आणून त्याच्या हातात दिला आणि परत उंबऱ्यावर बसली.

"आज न्हाय," ती म्हणाली. "आज लई दमलीया. उद्या चारला गिरणीवर या. पोरांना घेऊन या."